दप्तराचा हुकूम आणि उताऱ्याची नोंद

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याने महामार्गाच्या दिशेने निघाले, की डाव्या हाताला येऊरच्या डोंगरांचा दाट झाडोरा आणि उजव्या हाताला वसईच्या खाडीचा सपाट, खारा पट्टा यांच्या मधून वाट काढीत तो रस्ता ज्या जुन्या गावांच्या शिवेवरून जातो, त्यांपैकी चेणे हे एक होय. राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून उतरलेली चेणे नदी याच गावातून खाडीकडे जाते. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले, आणि कालांतराने चेणेही त्या शहराच्या हद्दीत मोडू लागले. घरपट्टी आणि पाणीपट्टी महापालिकेकडे भरण्याचा रिवाज पडला. तथापि जमिनीचे दप्तर एवढ्याने बदलत नाही. त्या दप्तरात हे गाव अद्यापि ‘मौजे चेणे’ या नावानेच नांदते, आणि तेथील जमीन सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांच्या ओळखीनेच पुकारली जाते.

या दप्तराची आठवण येथे काढण्याचे कारण असे, की संगणकाची आज्ञावली लिहू लागलेल्या विद्यार्थ्याला जी एक अडचण हटकून भेडसावते, आणि जिचा उलगडा न झाल्यामुळे पुष्कळजण नुसत्या पाठांतराने वेळ मारून नेतात, तिचे मर्म महसुली व्यवहाराशी परिचय असलेल्या कोणत्याही मराठी माणसाला अर्ध्या घटकेत समजू शकते. ती अडचण अशी : ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणविल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंगमध्ये काही मेथड एखाद्या विशिष्ट ऑब्जेक्टच्या असतात, तर काही समग्र मॉड्यूलच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या आज्ञांच्या दप्तराच्या, किंवा क्लासच्या असतात; आणि मॉड्यूलच्या पातळीवरची मेथड लिहिताना, त्याच मॉड्यूलमध्ये दोन ओळी खाली लिहिलेली ऑब्जेक्टची मेथड सरळ नाव घेऊन कॉल करू गेले असता यंत्र ती नाकारते. दोन्ही मेथड एका फायलीत, एका छपराखाली, किंबहुना एकाच हाताने लिहिलेल्या. मग एकीला दुसरी का दिसू नये?

उत्तराकडे वळण्यापूर्वी महसूल खात्यातील एक अलीकडचा हुकूम पाहू. मयत झालेल्या खातेदारांची नावे सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे तशीच राहतात, वारसांची नोंद होत नाही, आणि त्यामुळे कर्ज, खरेदीखत, भूसंपादनाचा मोबदला अशा प्रत्येक व्यवहारात वारसांची कुचंबणा होते; ही स्थिती पालटावी म्हणून बुलढाणा जिल्ह्यात आधी राबविलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्र शासनाने राज्यभर सुरू केली. हुकूम एकच होता आणि तो अवघ्या राज्याला होता. परंतु मुंबईत निघालेल्या त्या हुकुमाने एकाही सातबाऱ्यावरचे एकही नाव आपोआप बदलले नाही, आणि बदलूही शकले नसते. तलाठ्याने गावात चावडी वाचन करावयाचे, मयत खातेदारांची यादी करावयाची, वारसांनी मृत्यूचा दाखला व अन्य कागद रुजू करावयाचे, मग त्या एका खातेदाराच्या वारसांचा फेरफार नोंदवावयाचा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावयाचा, तेव्हा कोठे एका उताऱ्यावरील एक नाव कमी होऊन दुसरी नावे चढणार. हुकूम सर्वांसाठी असला तरी अंमल एकेका उताऱ्यावर होतो, आणि तो कोणत्या उताऱ्यावर, हे सांगितल्यावाचून होतच नाही. आपल्या विषयाचे सारे तत्त्व या एका वाक्यात आहे. पुढचे विवेचन त्याचाच विस्तार आहे.

जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला असे स्वतंत्र व्यक्तित्व देण्याची पद्धत आपल्याकडे कशी रूढ झाली, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. मलिक अंबराच्या काळापासून दख्खनेत जमीनमोजणी आणि धारेबंदी होत आली. परंतु इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याची जमाबंदी फसल्यावर १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून जी नवी पाहणी सुरू केली, तिने शेताचा प्रत्येक मोजलेला तुकडा हाच सरकारी हिशेबाचा एकक ठरविला आणि त्याला नंबर, हद्दीच्या खुणा व आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, चिकटविला. पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा झाला, आणि त्या तुकड्यावर कोणाचा कोणता हक्क आहे याची नोंदही त्याच्याच नावे होऊ लागली. आज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये गावाचे दप्तर एक ते एकवीस अशा गाव नमुन्यांत विभागलेले आहे : सहावा नमुना फेरफारांचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खातेदारांच्या खात्यांचा, बारावा पिकांचा. सातवा व बारावा यांच्या जोडीलाच आपण सातबारा म्हणतो.

आता नमुना आणि उतारा यांतील भेद नीट ध्यानी घ्यावा. गाव नमुना सात हा कोरा छापील तक्ता : भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा, आकार, इतर अधिकार, असे रकाने त्यात आखलेले असतात, परंतु रकान्यांत काही भरलेले नसते. उतारा हा त्या नमुन्याप्रमाणे भरलेला, एका विवक्षित जमिनीचा लेख. नमुना एक, उतारे गावात शेकडो, राज्यात कोट्यवधी. प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास हा नमुना, आणि त्याबरहुकूम तयार झालेला प्रत्येक ऑब्जेक्ट, ज्याला इन्स्टन्स असेही म्हणतात, हा उतारा. दोन उताऱ्यांवरील क्षेत्र, आकार आणि खातेदार योगायोगाने हुबेहूब सारखे असले तरी ते दोन उतारे एक ठरत नाहीत; तद्वत् दोन ऑब्जेक्टांतील सर्व मूल्ये समान असली तरी ते दोन ऑब्जेक्ट भिन्नच असतात.

मेथड म्हणजे काम करण्याची लिहून ठेवलेली रीत. वारसाची नोंद करणे, क्षेत्रातून पोटखराबा वजा करणे, कर्जाचा बोजा चढविणे किंवा उतरविणे, या सर्व रीती नमुन्याबरोबर एकदाच लिहिल्या जातात; परंतु त्यांतील प्रत्येकीला रकान्यांतील मजकूर लागतो, आणि मजकूर असतो तो उताऱ्यावर. म्हणून या इन्स्टन्सच्या मेथड. याउलट गुंठ्यांचे आर करणे, गावातील सर्व सर्व्हे नंबरांची यादी देणे, पुढच्या फेरफाराला कोणता क्रमांक द्यावयाचा ते सांगणे, ही कामे कोणा एका उताऱ्याची नाहीत. ती दप्तराची आहेत. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, हे सांगण्यासाठी कोणाचा सातबारा उघडावा लागत नाही. अशा मेथड मॉड्यूलच्या किंवा क्लासच्या पातळीवर ठेवतात.

अशा स्थितीत दप्तराच्या पातळीवरील एखादा हुकूम नुसताच ‘आकार काढा’ असे म्हणू लागला, तर कारकून काय करील? त्याला आकार काढता येतो. ती रीत त्याच्या कपाटात लिहिलेली आहे. परंतु तो हातची लेखणी खाली ठेवून विचारील, “साहेब, कोणत्या नंबराचा?” यंत्राने दिलेली चूक म्हणजे नेमका हाच प्रश्न होय. मेथड सापडत नाही असे नव्हे. ती ज्याच्यावर चालवावयाची तो सापडत नाही.

क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्या या विचाराचा उगम नॉर्वेत आहे. ओस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडविली, आणि १९६७ सालच्या तिच्या आवृत्तीत क्लास व ऑब्जेक्ट या कल्पना प्रथम सुस्पष्ट झाल्या. वास्तवातील घडामोडींची यंत्रावर प्रतिकृती उभी करणे हा तिचा उद्देश होता, आणि रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक किंवा धक्क्याला लागणारे जहाज यांना प्रत्येकी स्वतःची अवस्था असल्यामुळे, रीत सामायिक आणि अवस्था पृथक् हा विभाग तेथे अपरिहार्य ठरला. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अॅलन के आणि त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक भाषेत हा विचार त्याच्या टोकापर्यंत नेला : तेथे क्लाससुद्धा एक ऑब्जेक्टच मानला गेला. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांच्या सी प्लस प्लस भाषेत प्रत्येक इन्स्टन्स मेथडला ‘धिस’ नावाची खूण गुप्तपणे दिली जाते, आणि १९८९ च्या सुमारास तिच्यात ज्या स्टॅटिक मेथड आल्या त्यांचे लक्षणच हे, की त्यांना ‘धिस’ मिळत नाही. सामायिक रीतीला कोणता उतारा हाती घ्यावा हे कळावे म्हणून ही खूण. ती नसेल तर उताऱ्याला हात लावता येणार नाही, हे ओघानेच आले.

आपल्याकडील तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्याला ही अडचण प्रथम भेटते ती बहुधा जावा भाषेत. तेथे प्रोग्रॅमचा आरंभ ‘मेन’ या मेथडपासून होतो आणि ती परंपरेने स्टॅटिक, म्हणजे क्लासच्या पातळीवरची, असते. कारण प्रोग्रॅम सुरू होण्याच्या क्षणी एकही ऑब्जेक्ट अस्तित्वात नसतो, दप्तर उघडलेले असते पण एकही उतारा लिहिलेला नसतो. नवशिका ‘मेन’मधूनच आपली दुसरी मेथड नाव घेऊन कॉल करतो, आणि कंपायलर प्रोग्रॅम चालू होण्याच्या आधीच बजावतो, की स्टॅटिक संदर्भातून नॉन-स्टॅटिक मेथडचा निर्देश करता येणार नाही. यावर वर्गातील शेजारी जो उपाय सांगतो तो असा, की त्या दुसऱ्या मेथडलाही ‘स्टॅटिक’ जोडून टाकावे. त्याने चूक जाते हे खरे. पण ती मेथड ज्या रकान्यांवर अवलंबून असते तेही मग स्टॅटिक करावे लागतात, ती ज्या आणखी मेथड कॉल करते त्याही त्याच वाटेने जातात, आणि सरतेशेवटी शेकडो उताऱ्यांच्या जागी साऱ्या गावाचा मिळून एकच उतारा उरतो. प्रोग्रॅम चालतो, परंतु ज्या कारणासाठी क्लास लिहिला ते कारणच नाहीसे झालेले असते.

पायथन भाषेची तऱ्हा निराळी. १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेत, सी प्लस प्लसने जी खूण गुप्त ठेवली ती उघड लिहावी लागते : प्रत्येक इन्स्टन्स मेथडच्या कंसात पहिले नाव ‘सेल्फ’. ऑब्जेक्टाचा उल्लेख न करता क्लासच्या नावाने मेथड कॉल केली, तर चालत्या प्रोग्रॅममध्ये चूक येते, की ‘सेल्फ’ हा एक आवश्यक घटक दिलेला नाही. नवशिक्याला ही तक्रार दुर्बोध वाटते, परंतु सर्व भाषांत ही सर्वांत प्रांजळ आहे. काय कमी पडले त्याचे नावच ती सांगते.

रूबी भाषेत मात्र प्रकरण अधिक सूक्ष्म होते, आणि मॉड्यूलचा खरा पेच तेथेच पाहावयास मिळतो. जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ साली हाती घेतलेली आणि १९९५ साली लोकांपुढे ठेवलेली ही भाषा स्मॉलटॉकच्या वळणाची असल्यामुळे, तिच्यात मॉड्यूल हाही स्वतः एक ऑब्जेक्ट असतो. मॉड्यूलमध्ये ‘सेल्फ’ लावून लिहिलेली मेथड त्या मॉड्यूलची स्वतःची होते. ‘सेल्फ’ न लावता लिहिलेली मेथड मॉड्यूलला मिळत नाही, ती मॉड्यूल ज्या क्लासमध्ये अंतर्भूत केले जाईल त्या क्लासच्या ऑब्जेक्टांसाठी राखून ठेवलेली असते. म्हणजे दप्तराला स्वतःचे असे काही अधिकार आहेत, आणि उताऱ्यांना वाटण्यासाठी दप्तराने सांभाळलेले काही अधिकार आहेत. सांभाळणारा हा उपभोगणारा नसतो. मॉड्यूलची मेथड चालू असताना ‘सेल्फ’ म्हणजे मॉड्यूल. त्यामुळे नुसते नाव घेऊन केलेला कॉल मॉड्यूलच्या स्वतःच्या मेथडांत शोधला जातो, राखीव मेथडांत शोधला जात नाही, आणि अशी मेथड या मॉड्यूलला नाही अशी चूक येते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती मेथड धडधडीत लिहिलेली असल्यामुळे त्याला हे वचन खोटे वाटते. पण ते अक्षरशः खरे असते.

    

रूबीतील या पेचावर जे उपाय प्रचलित आहेत त्यांचे मोल वेगवेगळे आहे. पहिला उपाय सरळ : मॉड्यूलच्या मेथडला ज्या ऑब्जेक्टावर काम करावयाचे तो कंसातून द्यावा, आणि तिने त्या ऑब्जेक्टाचे नाव घेऊन त्याची मेथड कॉल करावी. दुसरा, ‘एक्स्टेंड सेल्फ’ असे लिहून मॉड्यूलनेच स्वतःला आपल्या राखीव मेथड बहाल कराव्यात, म्हणजे दप्तराने आपल्याच नावे एक उतारा काढून घ्यावा. तिसरा, ‘मॉड्यूल फंक्शन’ या सूचनेने प्रत्येक मेथडची एक नक्कल मॉड्यूलच्या नावे करून द्यावी, आणि मूळ मेथड खाजगी ठेवावी; ही नक्कल असल्यामुळे मूळ मेथड पुढे बदलली तरी ती बदलत नाही, हे मात्र विसरता कामा नये. रूबीच्या गणिताच्या मॉड्यूलमध्ये वर्गमूळ, ज्या, कोज्या यांच्या मेथड याच पद्धतीने ठेवलेल्या आहेत, आणि त्या तेथे शोभतातही; कारण वर्गमूळ काढण्यास कोणाच्या रकान्यातील मजकूर लागत नाही. परंतु ज्या मेथड ऑब्जेक्टाच्या स्वतःच्या मूल्यांना हात घालतात त्यांना हा उपाय लावला, तर ती मूल्ये मॉड्यूलच्या अंगावर साठू लागतात, आणि साऱ्या प्रोग्रॅममध्ये जो कोणी ते मॉड्यूल वापरील त्या सर्वांची मिळून ती एक होतात. एकाच्या फेरफाराने दुसऱ्याचे क्षेत्र कमी होणे, असाच हा प्रकार.

याच ठिकाणी प्रस्तुत विषयाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग येतो, आणि त्याची उत्तम उदाहरणे पायथनबरोबर येणाऱ्या ग्रंथालयातच आहेत. यादृच्छिक संख्या देणारे ‘रँडम’ हे मॉड्यूल घ्या. त्याचा उपयोग करणारा कोणताही ऑब्जेक्ट घडवीत नाही. मॉड्यूलच्या नावाने मेथड कॉल करतो आणि संख्या मिळवितो. वस्तुतः यादृच्छिक भासणारी संख्या ही मागील अवस्थेवरून गणिताने काढलेली असते. १९९७ साली माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी शोधलेली जी मर्सेन ट्विस्टर नामक पद्धत पायथन २००३ पासून वापरीत आहे, तिला अशी बरीच मोठी अवस्था सांभाळावी लागते. मग ऑब्जेक्टावाचून ही अवस्था राहते कोठे? उत्तर असे, की मॉड्यूल उघडताच त्याने गुपचूप एक ऑब्जेक्ट घडवून ठेवलेला असतो, आणि मॉड्यूलच्या म्हणून ज्या मेथड आपण वापरतो त्या त्या अदृश्य ऑब्जेक्टाच्या इन्स्टन्स मेथड असतात. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजांत ही गोष्ट उघडपणे सांगितलेली आहे.

लहान मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून वापरले जाणारे ‘टर्टल’ मॉड्यूलही असेच. सीमोर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली सुरू केलेल्या लोगो भाषेच्या परंपरेतले हे कासव पडद्यावर चालत रेषा काढते. मुलाने कासव घडविलेले नसते, त्याला नाव दिलेले नसते, तरी ‘पुढे जा’ म्हणताच ते पुढे जाते. कारण पहिली आज्ञा येताच मॉड्यूल पडद्याआड एक निनावी कासव उभे करते. आणि २०२५ साली आलेल्या जावाच्या पंचविसाव्या आवृत्तीत ‘मेन’ स्टॅटिक असलीच पाहिजे ही जुनी सक्ती सैल झाली तेव्हाही हेच घडले : ‘मेन’ इन्स्टन्सची असेल, तर प्रोग्रॅम सुरू करणारी यंत्रणाच त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट घडविते आणि मग तिला कॉल करते. ऑब्जेक्टावाचून इन्स्टन्सची मेथड चालविण्याचा शोध कोणी लावलेला नाही. ऑब्जेक्टाचे नाव घेण्याचा त्रास तेवढा वाचविला आहे.

हा त्रास वाचविण्याची किंमत केव्हा द्यावी लागते, याचे उदाहरण पायथनच्या ‘लॉगिंग’ मॉड्यूलमध्ये सापडते. प्रोग्रॅममध्ये काय घडले याची रोजनिशी ठेवणे हे त्याचे काम. मॉड्यूलच्या नावाने नोंद करावयास सांगितले, तर ती नोंद ‘रूट’ नावाच्या मूळ ऑब्जेक्टाकडे जाते. आणि त्या मूळ रोजनिशीला नोंदी कोठे लिहावयाच्या हे अद्याप कोणी सांगितले नसेल, तर मॉड्यूल आपल्या बुद्धीने एक व्यवस्था लावून मोकळे होते. आता समजा, मोठ्या प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात कोणीतरी सहज एक नोंद या रीतीने केली. नंतर मुख्य प्रोग्रॅमने आपली नेटकी व्यवस्था लावू पाहिली, तर आधीच व्यवस्था लागलेली आहे असे पाहून व्यवस्था लावण्याची नेहमीची सूचना काही न करता, एक शब्दही न बोलता परत येते. नोंदी भलतीकडे जातात, चूक कोठेच दिसत नाही, आणि शोधणारा ज्या ओळीवर संशय घेतो ती ओळ निर्दोष असते. ‘रँडम’बाबतही हेच : चाचणीचे निकाल दर वेळी तेच यावेत म्हणून एकाने संख्यांचा आरंभबिंदू ठरवून दिला, तर त्याच प्रोग्रॅममधील दुसऱ्या, सर्वस्वी असंबद्ध भागालाही त्याच क्रमाच्या संख्या मिळू लागतात, आणि त्या भागाने मधेच एक संख्या जास्त मागितली, तर पहिल्याची चाचणी बिघडते. तलाठ्याच्या मेजावर एक कोरा उतारा कायम उघडा ठेवून, नंबर न सांगता आलेली प्रत्येक नोंद त्यावर चढवीत जावे, तसे हे होते. एकाच माणसाचे काम असेल तोवर कोणाचे काही बिघडत नाही. दुसरा माणूस आला की दोघांच्या जमिनी एकमेकांत मिसळतात.

म्हणून अनुभवी कारागीर या सोयीला मर्यादा घालून वापरतात, आणि उपरोक्त मॉड्यूलांच्या कर्त्यांनीही ती मर्यादा ओळखलेली आहे. ‘रँडम’ वापरणाऱ्याला हवा असेल तर स्वतःचा पृथक् ऑब्जेक्ट घडविता येतो, मुलाला नावे देऊन चार कासवे चालविता येतात, आणि मोठ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विभागाने स्वतःच्या नावाची रोजनिशी मागून घ्यावी असाच प्रघात आहे. सोयीचा दरवाजा पुढे, परंतु राजरस्ताही मोकळा : मॉड्यूल रचण्याचा हा शिष्टसंमत मार्ग होय. ज्या मॉड्यूलमध्ये अदृश्य ऑब्जेक्ट आहे पण स्वतःचा ऑब्जेक्ट घडविण्याची मुभा नाही, त्याचा उपयोग करणारा आज ना उद्या अडचणीत येतोच.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात मॉड्यूलची वाटणी कोणत्या कसोटीने करावी याची चर्चा केली, तेव्हा प्रत्येक मॉड्यूलने एखादा निर्णय आपल्यापाशी झाकून ठेवावा असा विचार त्यांनी मांडला होता. तो विचार आजही ग्राह्य आहे. परंतु आकार कसा काढला हे झाकणे निराळे आणि आकार कोणाचा काढला हे झाकणे निराळे. पहिले झाकल्याने वापरणाऱ्याचे ओझे हलके होते. दुसरे झाकल्याने त्याच्या माहितीवाचून त्याच्या नावावर काहीतरी चढते. आपल्या महसुली पद्धतीने या बाबतीत जी दक्षता घेतली आहे ती प्रोग्रॅमरने अवश्य पाहावी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदले गेले, की त्याची वर्दी ई-फेरफार प्रणालीतून आज महसुली दप्तरापर्यंत आपोआप पोहोचते. तरीही फेरफाराची नोंद विशिष्ट गावाच्या विशिष्ट नंबरावरच होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत राहते, आणि मगच नोंद प्रमाणित होते. यंत्र कितीही वेगवान झाले तरी ‘कोणत्या नंबराचा’ हा प्रश्न वगळण्याची परवानगी कायद्याने त्याला दिलेली नाही.

हे सर्व ध्यानी घेतले, म्हणजे नवशिक्याने करावयाचा विचार सोपा होतो. मॉड्यूलच्या पातळीवरून एखादी मेथड कॉल करण्याची गरज पडली आणि यंत्राने ती नाकारली, तर प्रथम त्या मेथडच्या शरीरात डोकावावे : ती ऑब्जेक्टाच्या स्वतःच्या एखाद्या मूल्याला वाचते किंवा बदलते काय? जर तसे काहीच करीत नसेल, गुंठ्यांचे आर करण्यासारखे तिचे काम कोणाच्याही मजकुरावाचून होत असेल, तर ती चुकीच्या जागी लिहिली गेली आहे. तिला निःशंकपणे मॉड्यूलच्या पातळीवर न्यावे. जर ती मूल्यांना हात घालीत असेल, तर मॉड्यूलच्या मेथडने ऑब्जेक्ट कंसातून मागून घ्यावा, किंवा तो तेथेच घडवावा, आणि त्याचे नाव घेऊन काम करून घ्यावे. अनेक ऑब्जेक्टांवर काम करावयाचे असेल तर त्यांची यादी घ्यावी आणि चावडी वाचनात तलाठी एकेक खाते पुकारतो त्याप्रमाणे एकेकाला पुकारून त्याची मेथड चालवावी. ‘जिवंत सातबारा’च्या हुकुमाची अंमलबजावणी याच आकृतीची आहे, आणि मॉड्यूलच्या मेथडने इन्स्टन्सच्या मेथड कॉल करण्याची सर्वांत निकोप रीतही हीच आहे. आणि केवळ सोयीसाठी अदृश्य ऑब्जेक्ट ठेवावयाचाच असेल, तर तो आहे हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावे, व ज्याला स्वतःचा हवा त्याची वाट अडवू नये.

घोडबंदरच्या याच रस्त्यावर, ठाण्याच्या हद्दीत, सॉफ्टवेअरच्या कंपन्यांची मोठी कार्यालये आता उभी आहेत, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांची मुले तेथे नोकरीला जातात. त्यांच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलींवर उद्या कोणाचे पेन्शन, कोणाचा विमा, कोणाच्या औषधाची मात्रा अवलंबून राहणार आहे. त्या कामात ‘सेल्फ’ वगळल्याबद्दल यंत्र हटकते ती चूक सर्वांत स्वस्तातली समजावी. ती मेजावरच कळते आणि तेथल्या तेथे दुरुस्त होते. ज्या प्रोग्रॅमने हटकले नाही आणि निनावी हुकूम कोणत्या तरी ऑब्जेक्टावर निमूटपणे बजावून टाकला, त्याची चूक मात्र खातेदार खिडकीशी येऊन आपले नाव कोठे गेले असे विचारू लागेपर्यंत कोणाला कळत नाही.